रेघा नसलेलं तूप

वकिलाच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. ते पक्षकारांबरोबर आत येतात, आणि पक्षकार सही करून गेले तरी बाकावर बसून राहतात. आमच्या भोरच्या ऑफिसात एवढे साठलेत की दुपारी डबे उघडले की कुणीतरी "अगं, त्या दिवशी..." म्हणून सुरू करतं आणि चटणी वाढायची राहून जाते. बहुतेक किस्से बांधाचे, वाटणीचे, भावाभावांचे. पण गेल्या वर्षीचे आमचे सगळे किस्से एका मोबाईलचे आहेत, आणि ते कितीही हसत सांगायला घेतले तरी मध्येच कुणीतरी गप्प होतं.

आधी माणसं सांगते. ऑफिस वकीलसाहेबांचं. साठी उलटलेली, आवाज कोर्टाला पुरून उरेल असा, आणि चहाबरोबर क्रीमची बिस्किटं लागतातच. बापू शिवऱ्याचे. तलाठ्याकडून उतारे आणणं आणि रजिस्ट्रार ऑफिसच्या रांगेत उभं राहणं हे त्यांचं काम. मी नंदा, दस्तांचे मसुदे करते. आणि आमची टायपिस्ट वैशाली. तिचा नवरा महेश कापूरहोळला गॅरेजमध्ये आहे, दोघं भोरात भाड्यानं राहतात. सासर हिर्डोशीच्या वर, डोंगरातल्या वाडीत, म्हशी-शेळ्यांचं घर. सासूला वैशाली आत्या म्हणते, म्हणून आम्हीही आत्याच म्हणतो.

आमचं काम म्हणजे मुळात वाचणं. जमीन घेणारा फसू नये म्हणून जुने कागद मागं मागं जाऊन बघायचे, कुणाचं नाव कधी लागलं, कुठं कसला बोजा राहिलाय का. याला आम्ही सर्च म्हणतो. ही सवय एकदा लागली की सुटत नाही. वैशालीचं पुढं जे झालं ते या सवयीमुळंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

*

वैशालीचं मूल दुसऱ्यांदा पोटातच गेलं. रजा संपवून ती कामावर आली तेव्हा टायपिंग पूर्वीसारखंच चालू होतं, बोलणं मात्र बंद.

पुण्याहून तिची बहीण भेटायला आली आणि जाताना तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकून गेली. पुड्यावरच्या काळ्या रेघा कॅमेऱ्यापुढं धरायच्या, की आतल्या मालात काय काय आहे ते बघून ॲप शंभरपैकी मार्क देतं. हिरवा गोळा आला तर चांगलं, लाल आला तर वाईट. साबण, क्रीम, बिस्किटं, काहीही चालतं.

वैशालीनं पहिली धरली ती तिची स्वतःची रात्री लावायची क्रीम. महेशनं हौसेनं आणलेली. लाल गोळा आला आणि खाली सूचना आली, की गरोदरपणात टाळा.

दुसऱ्या दिवशी तिनं ती ट्यूब माझ्या टेबलावर ठेवली. "नंदाताई, हे मी दोन्ही वेळेला लावत होते."

मी तिला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. बाईंनी ट्यूब उलटून बारीक अक्षरं वाचली. "हे बंद करा. यातला एक घटक आम्हीही दिवस असताना टाळायला सांगतो. पण आधीचं जे झालं ते याच्यामुळं झालं, असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही."

वैशालीनं यातलं अर्धंच ऐकलं. कुठलं अर्धं ते मला परतीच्या वाटेवर कळलं.

"कारण असतंच, ताई," ती म्हणाली. "सर्च नीट झालेला नसतो."

*

मग ऑफिसातला एकेक जिन्नस तिच्या टेबलावर हजर होऊ लागला. पहिली पाळी साहेबांच्या बिस्किटांची. फोन थरथरला. लाल. शंभरात नऊ.

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "साक्षीदार कोण?"

"ॲप आहे, साहेब."

"त्यानं बिस्किट खाल्लंय?"

"नाही."

"मग हा ऐकीव पुरावा झाला. ग्राह्य नाही."

वैशाली हसली. कितीतरी आठवड्यांनी हसली, म्हणून साहेबांनी उलटतपासणी लांबवली. एक खाल्लं तर किती अपाय, पुडाभर खाल्लं तर किती, रोज टेकडी चढणाऱ्यानं खाल्लं तर किती? फोनला काही सांगता येईना. तो पुडा बघून मार्क देतो, खाणारा त्याला दिसत नाही. मुद्दा महत्त्वाचा होता, पण तेव्हा आम्ही तो हसण्यावारी नेला.

साहेबांनी बिस्किटं मात्र बंद केली. चहाबरोबर फुटाणे सुरू झाले, आम्ही कौतुकही केलं. एके दिवशी जुनी प्रत शोधायला मी कपाट उघडलं, तर निकाली प्रकरणांच्या गठ्ठ्यामागं क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, अर्धा संपलेला.

मी वळून साहेबांकडं बघितलं.

"अपिलात आहे," साहेब म्हणाले.

*

बापूंची मिशी काळीभोर. महिन्यातून एकदा ते ती रंगवायचे आणि महिन्यातून एकदा त्यांचे डोळे सुजायचे. पापण्या लाल, गालाला खाज. बापू सगळा दोष शिवऱ्याच्या रस्त्याकडेच्या गाजरगवताला द्यायचे.

वैशालीनं त्यांच्याकडून रंगाची पुडी मागवून घेतली. लाल. तिच्यातल्या एका रसायनानं कातडीला ॲलर्जी येऊ शकते, असं ॲपनं दाखवलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

बापू पुडीकडं बघत बसले. "म्हंजी म्या इतकी वर्सं गवताला उगाच शिव्या घातल्या?"

रंग बंद झाला, डोळे निवळले, आणि मिशी पांढरी झाली. पुढच्याच आठवड्यात बापू रजिस्ट्रार ऑफिसातून लवकर परत आले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मी विचारलं, काय झालं?

"तितल्या नव्या पोरानं उटून खुर्ची दिली. म्हनला, बसा आजोबा." बापूंनी मिशीवरून हात फिरवला. "काळी मिशी घिऊन जल्मभर रांगंत हुबा ऱ्हायलो, नंदाताई. कुनी बस म्हनलं न्हाई."

हे ते आनंदानं म्हणाले की दुःखानं, ते मला अजून उमगलेलं नाही.

*

वेल्ह्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन बक्षीसपत्र करायला आले. लग्न ठरायचं होतं, त्याआधी मुलीच्या नावावर थोडी जमीन करायची होती. चांगला माणूस. मुलीनं ओढणी तोंडावरून घट्ट घेतलेली. सहीआधी फोटो काढायचा म्हणून ओढणी खाली केली, तर गालाची सालं निघालेली, आणि खाली लालभडक.

वैशाली तिला बाजूला घेऊन बसली. पोरीनं पर्समधून एक डबी काढली. गोरं करणारी क्रीम, कुठल्याशा जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेली. वैशालीनं डबी सगळ्या बाजूंनी फिरवली. रेघा नाहीत, आत काय आहे ते नाही, कुणी केली त्याचं नाव नाही.

बाप अस्वस्थ झाला होता. "काय म्हनतोय तुमचा फोन?"

"काहीच म्हणत नाही, काका. मघाशी मसुदा वाचून दाखवताना तुम्ही काय विचारलंत? लिहून देणाराचं नाव कुठं घातलंय, म्हणून विचारलंत ना? ज्या दस्तावर लिहून देणाराचं नावच नाही, तो दस्त तुम्ही घ्याल का?"

"न्हाई घेनार."

"मग हे पोरीच्या तोंडाला कसं घेतलंत?"

तो माणूस त्याच पावली मुलीला घेऊन दवाखान्यात गेला. काही दिवसांनी त्याचा फोन आला, चेहरा बरा होतोय, वेळेवर थांबवलं असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी वैशालीचं वाक्य दोनचार पक्षकारांना ऐकवलं. ऑफिसात तो नियमच होऊन बसला, की ज्याच्यावर नाव नाही, रेघा नाहीत, ते घ्यायचं नाही.

नियम चांगला होता. तो कुठवर लावायचा, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

*

दिवाळीनंतर वैशालीला पुन्हा दिवस गेले. आम्हा सगळ्यांना आनंद झाला आणि कुणीही तो बोलून दाखवला नाही. आता फोन तिच्या हातातून सुटेना. पाव बंद झाला, लोणचं बंद झालं, बाहेरचा चहा बंद झाला. यावर कुणाची हरकत नव्हती. मग सुटं मिळणारं सगळंच बंद होऊ लागलं.

लग्न झाल्यापासून आत्या तिला तूप पाठवत आल्यात. घरच्या म्हशीचं, रवाळ, काचेच्या बरणीत, फडक्यात बांधून हिर्डोशीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं आणि महेशनं ते स्टँडवर उतरवून घ्यायचं. आता ती बरणी न उघडताच आमच्या डब्यांच्या टेबलावर येऊ लागली. "तुम्ही खा," वैशाली म्हणायची.

त्याच सुमारास आत्यांच्याच वाडीतल्या एका आजारी म्हाताऱ्याची वाटणीपत्रावर सही घ्यायची होती. साहेबांची गाडी घेऊन मी आणि वैशाली गेलो. शेवटचा चढ हळूहळू चालत गेलो. सही झाल्यावर आत्यांकडं टेकलो.

वैशालीनं सवयीनं समोरचा बिस्किटांचा पुडा फोनपुढं धरला. लाल. आत्या बघत होत्या. घराची कसलीतरी तपासणी चाललीय असं त्यांना वाटलं असावं. मोजणीला आलेल्या माणसाला बांध दाखवावा तशी त्यांनी एकेक वस्तू आणून पुढं ठेवली. दात घासायची पावडर, लाल. अंगाचा साबण, पिवळा. पाहुण्यांसाठी आणलेली शेव, लाल. आत्यांचा चेहरा उतरत गेला. ते बघून वैशालीला कसंतरी झालं. तिनं पिशवीतली आपली पाण्याची बाटली काढली, भोरच्या स्टँडवर विकत घेतलेली, आणि ती धरली. हिरवा गोळा. शंभरपैकी शंभर.

"हिरवं म्हंजी?" आत्यांनी विचारलं.

"हिरवं म्हंजे चांगलं, आत्या. बिनघोर खायचं."

आत्या उठल्या आणि आतून तुपाची बरणी घेऊन आल्या. वैशालीनं ती हातात घेतली, फिरवली, आणि खाली ठेवली.

"ह्याला रेघा न्हाईत, आत्या. त्याला कळत न्हाई."

आत्यांनी थोडा विचार केला. "म्हशीलाबी न्हाईत," त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. वैशाली हसली नाही, आत्याही नाहीत. निघताना मी रिकामी बाटली पिशवीत टाकायला लागले, तर आत्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या. मला हुईल."

*

हा किस्सा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला. बाळाचं वजन हवं तेवढं भरत नव्हतं, आणि वैशालीचंही.

"काय खाता?"

"पाव सोडला, बिस्किटं सोडली, लोणचं, फरसाण, सुटं तेल..."

"काय सोडलं ते नको. काय खाल्लं ते सांगा."

"ओट्स. सफरचंद. मखाणे." वैशाली थांबली. "आणि पाणी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वैशाली, वरणभात, भाकरी, पालेभाजी, उकडलेलं अंडं, तापवलेलं दूध, घरचं तूप. यातल्या कशावर तुम्हाला रेघा सापडणार आहेत?"

वैशालीनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. मी भ्याले. खरं सांगते, आधीच्या दोन्ही वेळेला मी एवढी भ्याले नव्हते, कारण तेव्हा जे झालं ते झाल्यावर कळलं होतं. आता डोळ्यांदेखत चाललं होतं. रस्त्यात मी तिला बोलले, जरा जास्तच बोलले. ती शांतपणे ऐकून घेत होती.

"ताई," ती म्हणाली, "ह्या वेळेला काही झालं, तर मला निदान म्हणता आलं पाहिजे की माझं काही चुकलं नाही."

ऑफिसात येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. फोन लपवून ठेवू, असं बापूंनी सुचवलं. साहेबांनी नाही म्हटलं. "दोनदा हरून आलेल्या माणसाच्या हातातला कागद काढून घ्यायचा नसतो, बापू. मग तो कागद कामाचा नसला तरी."

ॲपवर माझा राग नाही. बापूंचे डोळे त्यानंच वाचवले, त्या वेल्ह्याच्या पोरीचा चेहराही त्याच्यामुळं वाचला. पण त्या दिवसांत वैशालीनं डबा उघडून नुसता चिवडला की मला तो फोन उचलून नीरा नदीत टाकावासा वाटायचा.

*

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं. घरी नको, असं महेशचं म्हणणं. आधी दोनदा असं झालेलं, उगाच गाजावाजा नको. साहेब म्हणाले, "मग इथं करू. इथं दृष्ट लावायला कुणाला सवड आहे? येणारा प्रत्येकजण आपापल्या बांधाकडं बघत असतो."

दुपारी ऑफिसचा दरवाजा लोटून घेतला. टेबलावरचे दस्त कपाटात गेले. मी वरणभात, पालेभाजी आणि भाकरी घेऊन गेले होते, साहेबांच्या घरून पुरणपोळ्या आल्या होत्या. बापू कुठून तरी मोगऱ्याचे गजरे घेऊन आले, एका बाईला पुरतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. वैशाली हिरवी साडी नेसून साहेबांच्या खुर्चीत बसली. दिसत होती सुंदर, पण गळ्याची हाडं वर आलेली. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ-लिंबाशेजारी फोन ठेवलेला होता.

मी ओटी भरली. तिनं पुरणपोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, बाकीचा तसाच ठेवला. भाताची चार शितं पुढं-मागं केली. आम्ही तिघंही तिच्या ताटाकडं बघत नाही असं दाखवत होतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत्या आत आल्या. सकाळीच वाडी उतरून एसटीनं निघाल्या होत्या. महेशनं त्यांना स्टँडवरून आणून दारात सोडलं आणि तो गॅरेजला गेला. आत्या पक्षकारांच्या बाकावर टेकल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. घाम टिपला, वैशालीकडं डोळे भरून बघितलं, आणि मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली.

तुपाची बरणी. नेहमीचीच. पण तिच्या पोटावर या वेळी कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती, जराशी तिरकी, भाताच्या शितांनी. एका कडेला एक शीत तसंच वाळून राहिलं होतं. पट्टीवर काळ्या रेघा होत्या.

बापूंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत्या बरणी घेऊन उठल्या आणि ताटाशेजारी ठेवली, रेघा वैशालीकडं करून. "बग," त्या म्हणाल्या.

वैशालीनं बरणीकडं बघितलं. मग आत्यांकडं. मग तिनं फोन उचलला आणि त्या रेघांवर धरला. फोन थरथरला. मी तिच्या खांद्यामागं उभी होते, मला पडदा स्वच्छ दिसत होता. एका बाटलीचं चित्र आलं, खाली नाव आलं, पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर. शंभरपैकी शंभर. त्याच्याशेजारी गोळा.

आत्या पुढं वाकल्या. त्यांना वाचता येत नाही. "हिरवं आलं का?"

वैशालीनं पडद्यावरचं नाव वाचलं.

"आलं, आत्या."

"मग वाडू?"

वैशालीनं फोन पालथा ठेवला आणि ताट पुढं सरकवलं. आत्यांनी बरणीत चमचा घातला आणि गरम वरणभातावर तूप सोडलं.

"अजून," वैशाली म्हणाली.